मिसळीचा रस्सा पन्नीशिवाय पार्सल कसा द्यायचा?

गाडीवरचा पोरगा | रविवार, दुपारी ३.१०

बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

नाशिकला सातपूरमध्ये आमची पोहे-मिसळीची गाडी आहे. आप्पांची कंपनी बंद पडली तेव्हा त्यांनी ती लावली. आई-आप्पा रोज असतात, मी फक्त रविवारी. एरवी मी अंबडला एका वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये. पहाटे मटकी शिजायला पडते, साडेसहाला गाडी लागते. सातच्या शिफ्टवाले पोहे खाऊन पळतात, मिसळीचं गिऱ्हाईक आठनंतर. रविवारी मात्र जो येतो तो पार्सलवाला.

मागच्या महिन्यात आमची पाच हजारांची पावती फाटली. गाडीखालच्या गोणीत पावणेदोन किलो पन्नी, म्हणजे पातळ प्लास्टिकच्या पिशव्या, निघाली. पंचवीस रुपये प्लेट धरली तर दोनशे प्लेटा पोहे, आणि तोही नफा नव्हे, नुसता गल्ला. आप्पा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तक्रार करायला हा धागा काढलेला नाही. बंदी आहे हे आम्हाला ठाऊक होतं आणि तरी वापरत होतो.

पुढच्या रविवारी मी गाडीवर वही घेऊन बसलो आणि एका मिसळ पार्सलला काय काय जातं ते लिहून काढलं. रस्सा एका पन्नीत, हवा धरून, पिळा मारून, वर रबर. मटकी दुसरीत. फरसाण तिसरीत, कारण ते मऊ पडलं की गिऱ्हाईक पुढच्या रविवारी दुसऱ्या गाडीवर दिसतं. कांदा-कोथिंबीर-लिंबू चौथीत. पाव पाचवीत. हे सगळं कॅरीबॅगेत, ती सहावी. दही मागितलं की सात. त्या दिवशी साठावर पार्सलं गेली. म्हणजे चार तासांत एका गाडीवरून साडेतीनशेच्या वर पन्न्या. आमच्या रस्त्याला अशा नऊ गाड्या आहेत.

आता कबुली. पार्सलचं सोडा, उभ्यानं खाणाऱ्यालाही आम्ही पन्नीच देत होतो. स्टीलच्या प्लेटला वरून पन्नी चढवायची, तिच्यावर पोहे. खाऊन झालं की पन्नी उलटी ओढून बादलीत, आणि प्लेट कोरडीठाक, पुढच्या माणसाला तयार. दिसायला स्वच्छ, त्यामुळे गिऱ्हाईकही खूश. हे सुरू झालं पाण्यामुळे. गाडीला नळ नाही. वीस लिटरचे चार जार स्कूटरवरून दोन खेपांत येतात. त्यातच पिण्याचं, चहाचं, हात धुवायचं. प्लेटा धुवायला पाणी उरायचंच नाही. लोक म्हणतात गाडीवाले पन्नी वापरतात कारण ती स्वस्त. स्वस्त आहेच, वीस-पंचवीस पैशाला एक. पण आमच्या गाडीवर ती आली ती पाण्याच्या जागी आली.

दंडानंतर शेजारच्या गॅरेजवाल्या काकांकडून बोअरचं पाणी महिन्याच्या बोलीवर घेतलं, तीन टब आणले, प्लेटेवरची पन्नी बंद केली. हे जमलं. वडे आणि पाव कागदात. हेही जमलं. फरसाण कागदी पुडीत, कांदा-लिंबू पळसाच्या द्रोणात. बरं चाललंय. घोडं अडलंय ते रस्स्यावर. द्रोणातून गळतो. झाकणाचा कागदी डबा सहा रुपयांना पडतो, पन्नासच्या मिसळीत सहा रुपये कुठून काढू? त्यालाही आतून प्लास्टिकचाच थर. दुकानदार ‘बायो’ पिशव्या दाखवतो, भाव तिप्पट. त्यावर हिरवं पान छापलंय, बाकी काही नाही.

तर गरम, तेलकट, पातळ रस्सा न्यायला पन्नीला पर्याय काय? फुकटचे सल्ले चालतील, फक्त आमच्या गिऱ्हाइकाच्या खिशाला झेपणारे द्या.

तर्रीबाज | दुपारी ३.२४

जेवून उठलो होतो, धाग्याचं नाव वाचून पुन्हा भूक लागली. गाडी नक्की कुठं लागते? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

बिनकांद्याची | दुपारी ३.३१

डबा.

(एका शब्दाचा प्रतिसाद चालतो ना?)

गोदाकाठची | दुपारी ४.०५

पोरा, हे तू तुझ्या आजीला विचारलं असतंस तरी उत्तर मिळालं असतं. आम्ही पंचवटीतले. रविवारी सकाळी माझा भाऊ कडीचा डबा घेऊन रस्सा आणायला जायचा. वडील दारातून ओरडायचे, तर्री वरून घाल म्हणावं. डबा नेला नाही तर रस्सा नाही, विषय संपला. जांभळं-करवंदं घेऊन पेठ-त्र्यंबककडच्या बायका यायच्या, त्या पानाच्या द्रोणात मापून द्यायच्या. अजूनही येतात, पण आता गिऱ्हाईक द्रोणाखाली पिशवी धरतं. बुधवारच्या बाजाराला आईच्या हातात दोन कापडी पिशव्या, एक भाजीला, एक कांदे-बटाट्यांना. गोदेच्या घाटावर चिखल झालेला असायचा, कांद्यांची पिशवी खाली ठेवली की बुडाला गाळ लागायचा आणि घरी येऊन ती पिशवी धुवायचं काम माझ्याकडे. मला त्या कामाचा भयंकर कंटाळा होता.

हे एवढ्यासाठी सांगितलं की आम्ही काही निसर्गाची काळजी म्हणून डबे नेत नव्हतो. दुसरं काही नव्हतंच. पन्नी आली त्या दिवशी पहिली उडी मारून मीच घेतली, पिशवी धुवायची कटकट गेली म्हणून. तेव्हा ‘आमच्या वेळी’चा टेंभा मिरवत नाही.

शंकेखोर | दुपारी ४.४०

सगळं गाडीवाल्याच्याच बोडक्यावर का? दुधाची पिशवी, वेफर्सचं पाकीट, शांपूची पुडी, यांना कोण विचारतं? मॉलमधला ब्रेड प्लास्टिकमध्ये, बिस्किटं प्लास्टिकमध्ये, आणि पावती कुणाची फाटते तर पोहेवाल्याची. याच्या साडेतीनशे पन्न्या बंद झाल्यानं गोदावरी नितळ होणार असेल तर सांगा, मी स्वतः डबा घेऊन येतो.

गिट्टीवाला | सायंकाळी ५.१५

शंकेखोर, अर्धं बरोबर बोललात. मी मालेगावचा, घरी प्लास्टिकच्या गिट्टीचा धंदा. भंगारातलं प्लास्टिक धुऊन, दळून, वितळवून दाणा काढतात ती गिट्टी. पुढं तिचे पाइप होतात. म्हणून कोणतं प्लास्टिक कुठं जातं ते रोज डोळ्यापुढं असतं.

दुधाची पिशवी आम्ही डोळे झाकून घेतो. जाड, एकजात माल, धुतली की चालली. भंगारवाला घरी येऊन मोजून नेतो, तुमची आई ती धुऊन दारामागे अडकवते ती त्यासाठीच. वेफर्सच्या पाकिटाला आत चंदेरी थर, दोन-तीन जातीचे पापुद्रे एकमेकांना चिकटवलेले, ते सुटे होत नाहीत. ते आम्ही घेत नाही. त्याचा जाब कंपन्यांनाच विचारला पाहिजे, तिथं तुमच्याशी सहमत.

पण रस्स्याची पन्नी बघा. वजन दीड-दोन ग्रॅम. किलोभर व्हायला पाच-सहाशे पन्न्या वाकून उचलाव्या लागतात, त्याही तेल-हळदीनं माखलेल्या. तेवढ्या वेळात कचरा वेचणारी बाई पुठ्ठा आणि पाण्याच्या बाटल्या गोळा करून कितीतरी जास्त कमावते. म्हणून ती पन्नीकडे बघतसुद्धा नाही. ज्याला भंगारात भाव आहे ते रस्त्यावर टिकत नाही, दुपारपर्यंत कुणीतरी उचलतोच. रस्त्यावर, नाल्यात, नदीत उरतं ते बिनभावाचं. रस्स्याच्या पन्नीत रस फक्त गाईला, कारण तिला आतल्या उसळीचा वास येतो. गाठ सोडता येत नाही म्हणून ती गाठीसकट गिळते.

शंकेखोर | सायंकाळी ५.३०

गाईचा मुद्दा मान्य. बाकी मुद्दा सोडलेला नाही.

कलमकिडा | सायंकाळी ६.०२

थोडं नियमांचं, कारण दुकानदार यातच गोंधळ घालून माल खपवतात.

राज्याची अधिसूचना २३ मार्च २०१८ ची, प्रत्यक्ष कारवाई २३ जून २०१८ पासून. त्यात कॅरीबॅग, प्लास्टिक-थर्माकोलच्या प्लेटा, वाट्या, चमचे, हॉटेलातून पार्सल द्यायचे डबे आणि पातळ पदार्थ भरायच्या पन्न्याही आहेत. दंड पहिल्यांदा ५,०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. धागाकर्त्या, तुझी पुढची पावती दहाची असेल. जप.

केंद्राची बंदी १ जुलै २०२२ पासूनची, ती ठरावीक वस्तूंवर: प्लेटा, कप, ग्लास, काटे-चमचे, स्ट्रॉ, मिठाईच्या खोक्यावरची पारदर्शक गुंडाळी वगैरे. केंद्राच्या नियमांत कॅरीबॅगची किमान जाडी आधी ७५ मायक्रॉन झाली, मग ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०. दुकानदार हाच आकडा पुढं करून ‘जाड आहे, चालते’ म्हणतो. महाराष्ट्राच्या अधिसूचनेनं कॅरीबॅगवर सरसकट बंदी घातली, जाडीचा प्रश्नच ठेवला नाही.

२०२२ च्या जुलैतच राज्यानं प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदी प्लेटा-ग्लासही बंदीत घेतले. चांदीचा द्रोण म्हणून मिळतो तो त्यातलाच प्रकार.

‘बायो’ पिशवीचं: खऱ्या कंपोस्ट होणाऱ्या पिशवीला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं आणि उत्पादकाचं नाव, प्रमाणपत्राचा क्रमांक पिशवीवर छापलेला असतो. हिरवं पान कुणीही छापतो. आणि खरी असली तरी ती कुजायला खतप्रकल्पातली उष्णता लागते, गटारात पडून ती विरघळत नाही.

अवांतर: २०१८ मध्ये दुधाच्या रिकाम्या पिशवीमागे ५० पैसे परत मिळणार असं ठरलं होतं. आमच्या गल्लीत अजून कुणाला मिळालेले नाहीत. पिशव्या जपून ठेवल्यात.

तर्रीबाज | सायंकाळी ६.१०

कलमकिडा, दंडवत. वाचनखूण साठवली.

सूक्ष्मजीव | रात्री ८.२०

कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे ‘वडे कागदात’ वाचून थबकले. कोणता कागद? वर्तमानपत्राचा असेल तर लगेच बंद करा. २०१८ च्या अन्न-वेष्टनाच्या नियमांत त्याला मनाई आहे, आणि एफएसएसएआयनं (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं) २०२३ मध्ये पुन्हा बजावलंय. शाईत शिशासारखे जड धातू असू शकतात आणि गरम तेल शाई सोडवतं. वड्याच्या पोटावर उलट्या अक्षरात उमटलेली बातमी आपण सगळ्यांनी वाचलेली आहे. हसतो आणि खातो.

रस्सा कागदी कपात द्यायचा विचार कुणी सुचवायच्या आत सांगते: २०२० मध्ये खरगपूरच्या आयआयटीत तपासलं होतं. ८५ ते ९० अंशांचं १०० मिली पाणी कागदी कपात पंधरा मिनिटं ठेवल्यावर आतल्या थराचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण पाण्यात उतरले होते. ते साधं पाणी होतं. तुमच्या रस्स्यात तेलही आहे.

आता तीन टब. माझी खरी काळजी तिथं आहे. पहिल्यात साबण, दुसऱ्यात विसळणं, तिसऱ्यात शेवटचं बुचकळणं, बरोबर? सकाळी सात वाजता हे छान असतं. साडेनऊच्या गर्दीत तिसऱ्या टबावरही तेलाचा तवंग येतो आणि मग तुम्ही प्लेट धूत नाही, शंभर माणसांचं उष्टं सगळ्यांना सारखं वाटता. टायफॉइड, कावीळ अशीच पसरते. या बाबतीत पन्नीवाली प्लेट घाणेरड्या टबापेक्षा बरी होती, हे मान्य करायला मला लाज वाटत नाही. उपाय साधा आहे: तिसरा टब काढा. त्या जागी तोटीचं पिंप उंचावर ठेवा आणि शेवटी वाहत्या पाण्याखाली धरा. प्लेटेमागं पाणी थोडं जास्त जाईल. जाऊ द्या.

गाडीवरचा पोरगा | रात्री ९.४५

मॅडम, पकडलंत. कागद वर्तमानपत्राचाच होता. रद्दी वीस-बावीस रुपये किलो, कोरा खाकी त्याच्या कितीतरी पुढं. उद्यापासून बंद. पाव तर हातातही देता येतो, लोक घेतात.

तवंगाचंही खरं आहे. आई नऊच्या सुमारास तिसऱ्या टबाचं पाणी बदलते, पण गर्दी असली की राहतं. पिंप आहे घरी, गणपतीत बाहेर निघतं. तोटी बसवून घेतो.

नंदिनीकाठ | रात्री १०.०५

आणि ते साबणाचं, खरकट्याचं पाणी ओतता कुठं? रस्त्याकडेच्या पावसाळी नाल्यात? ते विनाप्रक्रिया नासर्डी नदीत जातं, तिथून गोदेत. पन्नी वाचवली आणि मटकी नदीत सोडली असं व्हायला नको.

गाडीवरचा पोरगा | रात्री १०.२०

आधी नाल्यातच ओतत होतो. आता चाळणीतून गाळून गॅरेजच्या संडासाच्या चेंबरमध्ये. काकांना त्यासाठी रोज एक प्लेट मिसळ. करार तोंडी आहे.

हरसूलकर | सोमवार, सकाळी ७.३०

द्रोण गळतो म्हणता, तो कसला आहे? बाजारात मिळतो तो बहुतेक यंत्रावर दाबलेला, काहींना तर खालून प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवलेला असतो. नखानं कडेला खरवडून बघा, पान आणि पापुद्रा वेगळा होतो.

आमच्याकडे बायका हातानं टाचतात. पळसाला उन्हाळ्यात नवी पानं येतात, ती पुरती मोठी झाली की तोडून वाळवायची, वापराच्या आदल्या दिवशी ओल्या फडक्यात ठेवायची. कोरडं पान दुमडलं की तडकतं. तुमचे द्रोण वरच्या फळीवर उन्हात पडून असतील तर ते गळणारच. सकाळी पाण्याचा हबका मारा, फडक्यात गुंडाळून ठेवा. दुहेरी पानाचा द्रोण घ्या, काडीचं टोक आतल्या पानातून आरपार आलेलं नको. एवढं केलं तर मिसळ तिथं बसून खाईपर्यंत थेंब पडणार नाही. पण रस्सा घेऊन स्कूटरवर अशोकनगरपर्यंत जायचं असेल तर पानाच्या बापाच्यानं होणार नाही. पान हे जागेवर खायला आहे.

आणखी एक. शंभर द्रोणांना तुम्ही जे देता त्यातलं टाचणाऱ्या बाईला किती पोचतं ते कधी विचारा. जमलं तर थेट घ्या, एसटीनं पोतं येतं.

होस्टेलवासी | सोमवार, सकाळी ११.१२

सगळे डबा-डबा करताय, एक विचारू का? कॉलेज रोडला आम्ही सहा जणी एका फ्लॅटमध्ये. स्वयंपाकघर आहे म्हणायला. डबा एकच, तोही मेसचा. सकाळी निघताना संध्याकाळी मिसळ खाऊ की दाबेली हे ठरलेलं नसतं. वास आला की थांबतो. तेव्हा पर्समधून कडीचा डबा काढणारी मुलगी मला दाखवा, मी तिला नमस्कार करते. सल्ले देणाऱ्या सगळ्यांना घर आहे, आणि घरात डबे धुणारं कुणीतरी आहे.

बिनकांद्याची | सोमवार, दुपारी १२.४०

होस्टेलवासी, मुद्दा बिनतोड. मग डबा गाडीवाल्यानंच द्यावा. सोड्याच्या बाटलीची अनामत ठेवायचो ना आपण? बाटली परत, पैसे परत. डबा परत, पैसे परत.

शंकेखोर | सोमवार, दुपारी १.०५

आणि डबे गेले की धागाकर्ता बसला बोंबलत.

रामकुंड रोड | सोमवार, रात्री ८.५५

सराफ बाजाराजवळ राहतो. जोराचा पाऊस झाला की सरस्वती नाल्याचं पाणी बाजारात येतं, दुकानदार फळ्या लावून बसतात. पाणी ओसरल्यावर जाळ्यांना काय लटकलेलं असतं ते बघायला या एकदा: पन्न्या, गुटख्याच्या पुड्या, फुलांच्या पिशव्या, निर्माल्यासकट गाठ मारलेल्या. सिंहस्थातलं पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे, म्हणजे ऐन पावसात. तेव्हा घाटावर किती पोहे, किती चहा आणि किती भत्ता (चुरमुऱ्यांचा) खपेल त्याचा विचार करा. प्रयागराजच्या कुंभात लोकांनी घराघरांतून ताटल्या आणि पिशव्या जमवून पाठवल्या होत्या. आपल्याकडे अजून वेळ आहे. पण मोफत ताटल्यांच्या आधी घाटावरच्या गाड्यांना भांडी धुवायचे नळ द्या. धागाकर्त्यानं पहिल्याच पोस्टीत लिहिलंय ते, आणि आपण सगळे पिशवीवर भांडत बसलोय.

शंकेखोर | सोमवार, रात्री ९.१०

नळाला +१. (तारीख लिहून ठेवा, मी सहमत झालो.)

गाडीवरचा पोरगा | सहा आठवड्यांनी, रविवार, दुपारी २.३०

धागा वर काढतोय. हिशेब द्यायचा होता.

सगळ्यात आधी ‘स्वतःचा डबा आणा, पाच रुपये कमी’ अशी पाटी लावली. पहिल्या रविवारी चौघांनी डबा आणला, त्यातला एक गॅरेजवाले काका. आई म्हणाली, पाच रुपयांसाठी लोक डबा विसळत नाहीत, पाटी बदल. तिनं खडूनं लिहिलं, ‘डबा आणल्यास एक पळी रस्सा जास्त’. आम्हाला ती पळी पाच रुपयांच्या आतच पडते. पुढच्या रविवारी अकरा डबे आले. एकानं तर पाच लिटरची दुधाची किटली आणली. त्याला आप्पांनी पळी म्हणजे एकच पळी हे समजावून सांगितलं.

मग अनामतीचं. भांडी बाजारातून पंचवीस कडीचे डबे घेतले, वजनावर, साधारण नव्वदला एक पडला. नाव घालणाऱ्यानं विचारलं, कुणाचं नाव घालू? अक्षरामागं पैसे, म्हणून नुसतं ‘रस्सा’ आणि आकडा. रस्सा १ ते रस्सा २५. अनामत शंभर ठेवली. फसली. पन्नासच्या मिसळीला शंभर अनामत म्हटल्यावर माणूस आपल्याकडे असा बघतो की आपणच मान खाली घालतो.

शेवटी आप्पांनी सोडवलं. गाडीवर उधारीची वही आहेच, कंपनीतल्या लोकांची, पगाराला फेडायची. त्याच वहीत नावापुढं डब्याचा आकडा लिहायला लागले. ओळखीच्याला अनामत नाही, अनोळख्याला शंभर. उधारी बुडवणारे आमच्याकडे फार नाहीत, आणि डबा बुडवायला तर लोक जास्तच लाजतात. पंचवीसपैकी दोन गेले, रस्सा ९ आणि रस्सा २२. कुणाच्या घरी दिसले तर सांगा. शंकेखोर, अजून बोंबललेलो नाही.

आजची मोजणी. पार्सल मागणारे चौसष्ट. सत्तावीस जणांनी आपला डबा आणला. अठरा जणांनी आमचा नेला. उरलेल्या एकोणीस जणांना पन्नी नाही म्हटल्यावर सात जण तिथंच खाऊन गेले आणि बारा जण पुढच्या गाडीवर. बारा मिसळी म्हणजे सहाशे रुपये, दर रविवारी. हे गोड नाही लागत. पुढच्या गाडीवाल्या मामांशी बोललो. ते म्हणाले, तू बंद केलंस म्हणून तर माझा धंदा वाढला, मी कशाला बंद करू? त्यांच्या जागी मी असतो तरी हेच म्हणालो असतो. नऊच्या नऊ गाड्यांनी एकाच दिवशी बंद केलं तर कुणाचंच गिऱ्हाईक कुठं जाणार नाही, पण त्यासाठी नऊ जणांना पाणी पाहिजे, आणि गॅरेजवाले काका एकच आहेत. तिघं जण तयार आहेत, पाण्याचं जमलं तर.

पिंपाला तोटी बसली. ऐंशी प्लेटांना तीन जार पुरायचे, आता चार लागतात. हरसूलकर, द्रोणांचं पोतं आलं, फडक्यात ठेवतोय, गळत नाहीत. पैसे थेट टाचणाऱ्या ताईंना दिले. खाकी कागद महागच आहे, म्हणून पाव हातात किंवा डब्याच्या झाकणावर.

दही अजून सुटलेलं नाही. दही मागितलं की आई ऐकू न आल्यासारखं करते.

होस्टेलवासी | दुपारी ३.०५

कॉलेज रोडला कधी येताय? आम्ही सहा जणींत मिळून एक डबा सांभाळू. अनामतीसह.

गिट्टीवाला | दुपारी ३.४०

दोन गेले म्हणजे काहीच नाही. आमच्याकडे पोती जातात.

गोदाकाठची | सायंकाळी ४.१५

डबे परत येतात ते कसे येतात रे? धुतलेले की तसेच?

गाडीवरचा पोरगा | सायंकाळी ४.५०

बहुतेक धुतलेले. काही नुसते विसळलेले, ते आम्ही पुन्हा घासतो, सगळेच घासतो.

पण रस्सा १४ एका मावशींकडे असतो, महादेववाडीतल्या. मागच्या रविवारी तो परत आला तेव्हा मी झाकण उघडून डायरेक्ट टबात बुडवणार होतो, आईनं हात धरला. आत मेथीचे चार लाडू होते. भरला डबा रिकामा कसा परत करायचा, म्हणाल्या. आता आईला तो रिकामा देववत नाही. आज त्यांच्या डब्यात पळी नाही, दोन पळ्या गेल्या, वर तर्री वेगळी.

तर्रीबाज | सायंकाळी ४.५२

मला पुढच्या रविवारी रस्सा १४ हवा.